आईने स्वतःला मागे टाकलं तेव्हा

मध्यभारत हे वेगळं राज्य होतं त्या काळात आमचे वडील इंदूरला सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांचे साहेब महूचे, फौजेतून निवृत्त होऊन आलेले. आमच्याकडे जेवायला आले की तारीफ इंग्रजीतच करायचे. एका पावसाळ्यात आईने भुट्ट्याचा कीस केला होता. पुन्हा वाढून घेत साहेब म्हणाले, "भाभीजी, यू हॅव आउटडन युवरसेल्फ!"

ते गेल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाले हो?"

"आउटडू म्हणजे मागे टाकणं," वडील खुशीत म्हणाले. "तू स्वतःलाच मागे टाकलंस."

माझे काका इंग्रजीपायी मॅट्रिकला आपटून परदेशीपुऱ्यातल्या मिलमध्ये लागले होते. ते म्हणाले, "दादा, वहिनी एकटीच पळतेय, तर मागे कोण राहिलं?"

"आधीची वहिनी. म्हणजे आजवरचा तिचा स्वयंपाक."

आईने हातातली कढई दाणकन खाली ठेवली. "अस्सं! म्हणजे दिवाळीतल्या पुरणपोळ्या बेकार होत्या?"

"अगं, तसं नाही..."

"चट्टामट्टा केला होता साहेबांनी! तेव्हा नाही सुचलं आउटडू?"

वडिलांनी डिक्शनरी आणली. त्यातही तेच लिहिलेलं निघालं, त्यामुळे प्रकरण आणखी चिघळलं. काकांना मात्र शब्द भलताच आवडला. आंघोळीला वेळ लागला की ते बाहेर येऊन जाहीर करत, "आज मी मला आउटडू केलं भिया!" आईसुद्धा सकाळी चहा देताना वडिलांना म्हणू लागली, "काल घोरण्यात तुम्ही स्वतःला आउटडू केलंत."

पुढच्या रविवारी साहेब पुन्हा यायचे होते. आईने नुसती मुगाची खिचडी टाकली.

"अगं, साहेब येतायत!" वडील घाबरले.

"येऊ देत. स्वतःच्या किती मागे जाता येतं, ते बघतेच मी."

साहेब जेवायला बसले. वडील स्वतःचं ताट सोडून साहेबांच्या ताटाकडेच बघत होते. साहेब मान खाली घालून जेवत होते. ताट रिकामं झालं, तेव्हा हळूच म्हणाले, "भाभीजी, बुरा न मानें तो... थोड़ी और मिलेगी?"

आईचा चेहरा असा काही उजळला! तिने खिचडी वाढली, वर तूप ओतलं, पापड भाजला. साहेबांनी पातेलं साफ केलं. काका मिलमधून आले, तेव्हा त्यांच्यासाठी पोहे भिजवावे लागले.

"याला इंग्रजीत काय म्हणतात हो?" आईने पोहे परतताना विचारलं.

"काही म्हणत नाहीत," वडील घाईघाईने म्हणाले.