तळाची टीप

पोरीच्या प्रबंधाला मी दाभणानं टाके घालायला निघालेलो, हे खरं हाय.

आमी वाशीच्या कांदा मार्केटात हमाल. शिक्षण चौथी (तीपण मास्तरांच्या दयेनं!). पोरगी वैशाली मात्र एम.ए. करते. आणि प्रबंध कुणावर? आमच्या हमालांवरच! पाचच्या आत कॉलेजला फाइल पाठवायची, नायतर वर्ष गेलं. आणि दुपारी दोनला ती किंचाळली, "पप्पा, तळटिपा सगळ्या निखळल्या!"

गोणीच्या तळाची टीप, म्हणजे शिवण, उसवली की काय होतं ते मला कोण सांगणार? अख्खा कांदा रस्त्यावर! मी दाभण-सुतळी घेऊन धावलो. "गोण कुठाय?"

"गोण नाय पप्पा, लॅपटॉप!"

बायको म्हणाली, "अवो, आधी ते दाभण ठेवा. काच फोडाल!"

मग कळलं. पीडीएफची वर्ड फाइल करताना पानाखालची बारीक अक्षरं (म्हणजे कोण काय बोललं त्याचा पुरावा) सुटून शेवटी ढीग झालेला. कुठली टीप कुठल्या वाक्याची, पत्ता नाय!

"टेन्शन कशाला? मार्का बघून गोण लावायची, हाच आपला धंदा!"

वैशूनं खालच्या झेरॉक्सवाल्याकडून टिपा छापून आणल्या, कापल्या. मी फरशीवर ओळीनं मांडल्या. घाम आला म्हणून पंखा लावला... मीच! दोन टिपा कपाटाखाली, एक आमटीत!

मग वैशू वाक्य वाचायची, मी रांगत रांगत चिठ्ठी शोधायचो. साडेचारला एकच उरली. बघतो तर माझं नाव! छापील! पुढं बारीक अक्षरात बरंच कायकाय होतं, पण स्वतःचं नाव वाचल्यावर माणूस पुढं कशाला वाचतोय?

वैशू चाचरली, "पप्पा, ही राहू दे ना."

"खबरदार! एक टीप सोडली की गोण उसवते. लाव!"

"पूर्ण वाचली का तुमी?"

"बापाला शिकवते? लाव!"

लावली. पाचला पाच कमी असताना फाइल गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या नावाचं पान छापून घेऊन मी मार्केटातल्या चहाच्या टपरीवर. दोस्ताला म्हटलं, "संपत, मोठ्यानं वाच!"

त्यानं वाचलं, "एक हमाल दिवसाला चारशे गोण्या उचलतो." मी मिशीला पीळ दिला. मग त्यानं खालची टीप वाचली, "बबन, लेखिकेचे वडील. आकडे वाढवून सांगतात, निम्मे धरावेत."

टपरीवर चारशे माणसं पोट धरून हसली!

बरं, निम्मी धरा.