दोन वरपक्षांचं लग्न

बडोद्यात तरसालीला राहणाऱ्या निरुपमाताईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. जे सिद्ध करता येत नाही त्यावर विश्वास ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. अशा बाईने उतारवयात ड्रॅगनच्या नादी लागावं, हे नवलच. निमित्त झालं गुडघ्याच्या ऑपरेशनचं. पडल्या पडल्या वाचायला म्हणून भाची नयनाने एक इंग्रजी कादंबरी पाठवली.

तिच्यात एक राजपुत्र होता, आकाशात ढग वळणारा एक गुराखी होता आणि दोघांचा एकमेकांवर भारी जीव होता. ड्रॅगनही होता, पण तो कुणाला जाळत-बिळत नसे, थंडीत गावाचं अंघोळीचं पाणी तापवून देई.

"म्हणजे बंबच की!" असं म्हणून यजमान विश्वासराव जे गुंतले ते गुंतलेच. हे प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दुपारी ताई वाचत वाचत मराठीतून सांगत, हे लीलो चेवडो, म्हणजे तो बडोद्याचा हिरवा ओलसर चिवडा, खात ऐकत. शेवटी त्या दोघांचं लग्न लागलं, तेव्हा विश्वासरावांनी डोळे पुसले आणि त्या गोडमिट्ट चेवड्याला तिखट म्हणाले.

मग ताईंनी तसलीच पुस्तकं मागवून कपाट भरलं. अट एवढीच, की इतर पुस्तकांत ज्या प्रेमिकांना शेवटी मरावं लागतं ते इथे सुखाने नांदले पाहिजेत आणि पुस्तक मिटल्यावर झोप छान लागली पाहिजे.

दांडिया बाजारात बायकांचं एक वाचन मंडळ आहे. दर महिन्याला एकीने आवडतं पुस्तक इतरांना सांगायचं. ताईंची पाळी आली. कोणतं पुस्तक ते कळल्यावर अध्यक्ष मंदाकिनीबाईंचा फोन आला.

"निरुपमाताई, गोष्ट गोड आहे हो. फक्त त्या गुराख्याची गवळण करा ना! कुणाला काय कळतंय?"

ताईंनी फोन ठेवला. या बायकांशी उभ्या आयुष्याची ओळख. त्यांनी तोंडं फिरवली तर जायचं कुठे? पण गवळण केली तर त्या गुराख्याला आपण दारातूनच परत पाठवल्यासारखं होईल.

"काय ठरवलंस?" मंडळाच्या दारात स्कूटरवरून उतरवताना विश्वासरावांनी विचारलं.

"माहीत नाही हो."

आत गेल्या, पाणी प्यायल्या, बोलायला लागल्या आणि गुराखी आला तो गुराखी म्हणूनच. ताईंनी वर न बघता पार लग्नापर्यंत गोष्ट नेली. मंदाकिनीबाई पंख्याकडे बघत होत्या. तेवढ्यात, नात्यागोत्यातली निम्मी लग्नं जुळवून दिलेल्या अहल्याबाईंनी घसा खाकरला.

"एक विचारू? दोघंही नवरदेव. मग वरपक्ष कुठला? मानपान कुणी कुणाचा करायचा?"

झालं! मंडळाची उभी फाळणी झाली.

"राजाकडचे ते. त्यांचाच मान पहिला."

"राजे असतील त्यांच्या घरी! गुराख्याकडचाही मुलगाच आहे ना?"

"पण मग रुखवत मांडायचं कुणी?"

"दोघांनी मांडा! नाहीतर ड्रॅगनला सांगा!"

मंदाकिनीबाई ताडकन उठल्या. ताईंनी पिशवी जवळ ओढली.

"गुराख्याच्या आईने त्याला एकटीने वाढवलंय," बाई कडाडल्या. "पहिल्या पंगतीला ती बसणार. तिला कुणी मागे बसवून दाखवाच!"

ताई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांच्या वर्गात गणितावरून इतकं जीव तोडून कधी कुणी भांडलं नव्हतं. इकडे चहा निवत होता, तिकडे कुणी पंगतीची पानं लावत होतं, कुणी आहेर काढत होतं. दोन मुलगेच का, असं मात्र कुणी विचारायला तयार नव्हतं. तेवढा वेळ होता कुणाला? आपल्या बडोद्याच्या या बायकांकडे बघताना ताईंचा ऊर असा भरून आला, की वाटलं, आपण वरमाईच आहोत. आता दोन्हीकडची वरमाई, हे गणितात कसं बसवायचं ते बसवा.

बाहेर विश्वासराव स्कूटरजवळ येरझारा घालत होते.

"काय झालं गं?"

"लागलं लग्न."

"कुणी काही बोललं?"

"मानपानावरून तुफान भांडण झालं. अजून चालूच आहे."

"मग रीतसर लागलं म्हणायचं!" विश्वासराव म्हणाले, आणि त्यांनी ऐटीत किक मारली.