अकरा दिवसांनी मोठी

माझा भाऊ वीसी ल्युसर्नच्या पुलाच्या टोकाला मारोनी भाजतो. मारोनी म्हणजे पोटावर चिरा देऊन लोखंडी तव्यात भाजलेली चेस्टनट. ऑक्टोबरात शेगडी लावली की मार्च संपेपर्यंत तो तिथून हलत नाही. पासष्टी होईपर्यंत उन्हाळ्यात बोटीवर दोर टाकायचा; ते काम सुटलं, शेगडी तेवढी राहिली. कागदोपत्री तो अलोइस बुखेली. बोलायच्या बाबतीत म्हणाल तर त्याच्यापेक्षा शेगडी बरी, ती निदान तडतडते तरी.

मी ओतिलिया, त्याची बहीण, तीन वर्षांनी धाकटी. शेगडीच्या समोरच आमचं सहा खोल्यांचं गेस्टहाउस आहे. आई गेल्यापासून मीच चालवते. लग्न दोघांचंही झालं नाही. का, ते विचारू नका. विचारलंत तर मी सांगत बसेन आणि तुमची दुपार जाईल.

जानेवारीत ल्युसर्नला कुत्रंही फिरकत नाही. तळ्यावर धुकं बसतं ते आठ-आठ दिवस उठत नाही. पिलाटुस डोंगर जागेवर आहे की कुणी विकून टाकला, काही कळत नाही. काठाला पातळ बर्फ धरतो, त्यावरून बदकं घसरत चालतात. अशा दिवसांत, त्र्याहत्तर साली, एक बाई बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तीन आठवडे राहायचंय. तळ्याकडची खोली द्या."

मी म्हटलं, "तळं दिसणार नाही हो."

"नाही दिसलं तरी तिथे आहे एवढं पुरे," ती म्हणाली. "आमच्या खोऱ्यात सूर्य डोंगरामागे गेला की दोन महिने वर येत नाही. तिथे भिंत बघायची. इथे निदान पाण्याचा आवाज तरी येईल."

ती ग्लारुसची, रेगुला एल्मर. विधवा, कापडावरच्या छपाईच्या कारखान्यात नक्षी काढायची. दर वर्षी याच दिवसांत कारखान्याला सुट्टी. येताना त्यांच्याकडचं ते हिरवं चीज घेऊन यायची. काय तो वास! ती गेल्यावर मी तीन नंबरच्या खोलीचे पडदे दोन-दोनदा धुवायची. पण बाई स्वच्छ, कमी बोलणारी, आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली तर बटाटे सोलायला घ्यायची. पाहुण्याच्या जातीत असं माणूस क्वचित मिळतं.

पहिल्याच दिवशी ती रस्ता ओलांडून वीसीकडे गेली. मी खिडकीतून बघत होते. वीसीने पिशवी भरली. आमच्या पिशवीला दोन कप्पे असतात, एकात मारोनी, दुसऱ्यात सालं टाकायची. आणि मग त्याने काय करावं? एक मारोनी स्वतः सोलली आणि तिच्या तळहातावर ठेवली. मला, सख्ख्या बहिणीला, आजवर त्याने एक सोलून दिलेली नाही!

त्यानंतर रोज हेच. ती दुपारी तीनला जायची, शेगडीजवळ उभी राहायची, पाच वाजता नाक लाल करून परत यायची. माझा मुका भाऊ तिच्याशी बोलायचा. मी कानांनी ऐकलंय.

"अहो बुखेली, आज तुमची मारोनी करपली."

"करपली नाही एल्मरबाई, तुमची वाट बघून काळी पडली."

मी कपाळावर हात मारला. हा माणूस आणि असलं बोलतो! पण ऐकलंत ना? अहो बुखेली, एल्मरबाई, तुम्ही, तुमचं. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच.

आता आमच्याकडचा रिवाज असा की 'तू' मागायचं नसतं. ते द्यायचं असतं, आणि देणारा ठरलेला असतो. मोठ्याने धाकट्याला द्यायचं. बाई आणि पुरुष असतील तर बाईने द्यायचं. पुरुषच वयाने मोठा असेल तर मात्र घोळ, मग दोघंही थांबून राहतात. ग्लास उचलायचा, नुसतं नाव सांगायचं, "मी रेगुला," समोरच्याने म्हणायचं, "मी अलोइस," घोट घ्यायचा, झालं. एकदा दिलं की मरेपर्यंत परत घेता येत नाही. म्हणून लोक जपून देतात. माझ्या शेजारणीने मला सतरा वर्षांनी दिलं, तेही तिची मांजर मी सांभाळली म्हणून.

वीसी थांबला होता. ती बाई, तिने द्यायचं. एकदा मीच त्याला डिवचलं, "काय रे, अजून अहो-जाहोच का?" तर म्हणाला, "ते त्यांनी ठरवायचं. मी कसा पुढे होणार?" आणि कोळसे ढवळायला लागला.

चौथ्या हिवाळ्यात एल्मरबाई माझ्या ओट्याशी बटाटे सोलत बसली होती. सोलता सोलता, वर न बघता तिने विचारलं, "बुखेलीबाई, तुमचे भाऊ माझ्याहून मोठे असतील ना?"

इथे कुणी कुणाचं वय उगाच विचारत नाही. मला लगेच कळलं. ती विचारत होती, पहिलं पाऊल माझं की त्याचं? आणि मला उत्तर माहीत होतं. परगावच्या पाहुण्याचा फॉर्म पोलिसांसाठी भरावा लागतो, तो मीच भरते. तिचा जन्म तीन मार्च, एकवीस सालचा. वीसीचा चौदा मार्च, तेच साल. अकरा दिवसांनी ती मोठी होती. बाईही तीच आणि मोठीही तीच. मी खरं सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी तिने रस्ता ओलांडून ग्लास उचलला असता.

मी म्हटलं, "मोठा? चांगला दोन वर्षांनी मोठा आहे. तब्येत चांगली म्हणून दिसत नाही."

"असं होय," ती म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला. सालं एकदम पातळ काढायची ती.

का खोटं बोलले? मला भीती वाटली, दुसरं काय! सहा खोल्या आणि एक भाऊ, एवढाच माझा संसार. तो उठून ग्लारुसला गेला असता तर मी ओरडायचं कुणावर? आणि ती इथे आली असती तर स्वयंपाकघर कुणाचं? मी स्वतःला म्हटलं, दोन वर्षं इकडे की तिकडे, काय फरक पडतो. व्हायचं असेल तर होईल. पण मला चांगलं ठाऊक होतं की आता होणार नाही. ती धाकटी म्हणून थांबणार आणि तो पुरुष म्हणून थांबणार. दोघंही इतके रीतीचे की वाट बघण्यात म्हातारे होतील.

आणि तसंच झालं. आणखी दहा हिवाळे गेले. तिची निवृत्ती झाली तरी ती यायचीच. तो रोज पहिली मारोनी सोलून द्यायचा, ती रोज "आभारी आहे, अहो बुखेली" म्हणायची. मी खिडकीतून बघायची आणि दर वेळी ठरवायची, या वर्षी सांगून टाकू. मग कॉफी उतू जायची, नाहीतर फोन वाजायचा. निमित्त शोधणाऱ्याला काय कमी!

शहाऐंशी साली वीसी तिला म्हणाला, "एल्मरबाई, तुम्ही दर वर्षी फास्नाख्तच्या आधी पळता. या वेळी थांबून तर बघा." ती प्रॉटेस्टंट, आमच्या उपवासाआधीच्या या धिंगाण्याला जरा भ्यायचीच. पण थांबली.

फास्नाख्तच्या पहिल्या दिवशी, गुरुवारी दुपारी पुलावर मुंगीला जागा नव्हती. ढोल, पिपाण्या, सगळं बेसूर, तेच तर त्यातलं सुख. मुखवटा घातला की आमच्याकडे सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. न्यायाधीश असो की नगराध्यक्ष, मुखवट्यातला माणूस त्याला अरे-तुरे करतो आणि त्याने हसून घ्यायचं असतं. एल्मरबाई आणि मी कठड्याला टेकून गरम तळलेल्या पोळ्या खात होतो, तेवढ्यात एक चेटकीण आली. लांब नाक, डोक्याला रुमाल, आणि अंगात माझ्या आईचा तपकिरी घागरा. तो घागरा मी ओळखणार नाही होय?

चेटकिणीने एल्मरबाईच्या कॉलरमध्ये मूठभर रंगीत कागदाचे कपटे कोंबले आणि चिरक्या आवाजात म्हणाली, "अगं रेगुला! चौदा वर्षं येतेस, आणि अजून पाहुणीच का गं तू? राहा की इथेच! तुझी बॅग मी तळ्यात फेकून देते!"

एल्मरबाईचा चेहरा पांढरा झाला, मग लाल. तिची नजर चेटकिणीच्या हातांवर गेली. बोटांची टोकं काळी, अंगठ्यावर चाकूचा जुना व्रण. तिने हळूच विचारलं, "आणि तू कोण गं म्हातारे?"

"मी? मी तुझी वाट बघणारी!" चेटकीण म्हणाली आणि गर्दीत घुसली. पासष्टीचा माणूस घागरा वर धरून पळत होता. एल्मरबाई इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी मग बराच वेळ थांबलं नाही. मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

पण फास्नाख्तचा 'तू' उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी संपतो. मुखवटा उतरला की पुन्हा जो तो आपल्या जागी. पक्का करायचा तर उघड्या तोंडाने पुन्हा द्यावा लागतो.

बुधवारी तिची गाडी दुपारची होती. ती बॅग घेऊन शेगडीपाशी गेली. मी तिला पोचवायला म्हणून मागोमाग गेले, म्हणजे खरं तर ऐकायला गेले. दोघंही बोलत होते, पण कसं? 'तू' नाही, 'तुम्ही' नाही.

"आज थंडी जास्त आहे," ती म्हणाली.

"धुकं उठेल बहुतेक," तो म्हणाला.

"गाडीला अजून अर्धा तास आहे."

"हो का. बरंय."

ती थांबली होती. तो मोठा आहे असं तिला वाटत होतं, आणि गुरुवारी तो बोललाही होता. आता त्याने एकच शब्द उघड्या तोंडाने म्हणायचा होता. आणि तो थांबला होता, कारण मुखवट्यातून मर्यादा सोडल्याची त्याला लाज वाटत होती. आता निर्णय त्या बाईचा, असं त्याला वाटत होतं. माझ्या जिभेवर शब्द होता. 'एल्मरबाई, तुम्ही अकरा दिवसांनी मोठ्या आहात.' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "उशीर होतोय हं, स्टेशनवर गर्दी असेल."

वीसीने पिशवी उचलली आणि विचारलं, "तुम्हाला नेहमीसारखीच ना, एल्मरबाई?"

तिने तोंड मिटलं. मग म्हणाली, "हो, अहो बुखेली. नेहमीसारखीच."

त्याने पहिली मारोनी सोलून दिली. ती तिने खाल्ली नाही, हातमोज्यात तशीच ठेवली.

पुढच्या डिसेंबरात मी तीन नंबरचे पडदे काढून धुवायला टाकले होते, त्या दिवशी ग्लारुसहून काळ्या काठाचा लिफाफा आला. आत छापील निधनपत्र, आणि तिच्या भाचीची चिठ्ठी, मावशीच्या टेबलावर तुमच्यासाठी लिहिलेलं हे सापडलं म्हणून. वीसी कॉफी पीत बसला होता. चष्मा माझा वर राहिला होता, म्हणून त्यानेच मोठ्याने वाचलं.

तिने मला लिहिलं होतं. "प्रिय बुखेलीबाई, माझी तब्येत बरी नाही, या हिवाळ्यात येणं होईलसं दिसत नाही. एक गोष्ट राहून गेली. मी तुमच्याहून मोठी आहे, तेव्हा हे मीच म्हणायला हवं. आजपासून तू मला रेगुला म्हण. ओतिलिया, तुझ्या भावाला माझा नमस्कार सांग. त्यांनाही हेच म्हणावं असं फार वाटायचं. पण ते दोन वर्षांनी मोठे, त्यांच्या आधी मी कशी म्हणणार होते?"

वीसी थांबला. "दोन वर्षांनी मोठा? कोण, मी?" मग त्याने ते छापील निधनपत्र जवळ ओढलं. आमच्याकडे त्यावर जन्मतारीख असतेच. त्याने त्या तारखेवर काळं बोट ठेवलं. तीन मार्च. बराच वेळ बोट तिथेच होतं.

"अकरा दिवस," तो म्हणाला. "मोठी तर ती होती." मग माझ्याकडे बघून, "फॉर्म तूच भरतेस ना, ओती?"

मी रडले, शपथा घातल्या, भीती वाटली म्हणून सांगितलं, सगळं खरं खरं सांगितलं. तो ओरडला असता तर किती बरं झालं असतं. त्याने कप धुतला, टोपी घातली आणि शेगडी पेटवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर कॉफी तयार होती. त्याने किटली उचलली आणि मला विचारलं, "तुम्ही दूध घेणार का, बुखेलीबाई?"

मला वाटलं थट्टा करतोय. मी हसलेसुद्धा.

त्याला आता सहा वर्षं झाली. एकाच घरात राहतो, एकाच टेबलावर जेवतो. तो कधी वाकडं बोलत नाही. 'तुमचं पत्र आलंय', 'तुम्ही बसा, मी भांडी घासतो', असं अगदी नीट बोलतो, पाहुण्याशी बोलावं तसं. किती वेळा माझ्या तोंडाशी येतं, अरे वीसी, पुरे कर आता, 'तू' म्हण मला. पण ते मागायचं नसतं. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे, द्यायचं तर त्यानेच द्यायचं. मी थांबले आहे.