गयामावशीच्या मेणबत्त्या

तेलगावच्या स्टँडवर गयामावशीचा भज्यांचा गाडा होता, पण तिचा खरा जीव कढईच्या तळाशी उरलेल्या काळ्या तेलात. ते कुणी फेकायचं नाव काढलं की अशी खवळायची! "फेकाय काय झालं? दुष्काळात कायबी वाया घालवू ने बाई," म्हणायची.

त्या साली खरंच दुष्काळ होता. पाणी टँकरचं आणि आमच्या बचत गटातल्या बायकांच्या हाताला काम नाही. मावशीने ते तेल फडक्यातून गाळलं, बीडहून आणलेल्या मेणात ओतलं आणि आम्हाला मेणबत्त्या करायला बसवलं. वैशाख पौर्णिमेला विहारात बुद्धमूर्तीपुढं आपल्याच गटाच्या मेणबत्त्या लागल्या पाहिजेत, हा तिचा हट्ट. एकदा तिथं लागल्या की गाव आपोआप घेईल, असं तिचं म्हणणं.

पण मेण वाचवायच्या नादात तिने तेल सढळ हाताने घातलं. त्यात वैशाखातलं ऊन! दुपारपर्यंत साऱ्या मेणबत्त्या माना टाकून बसल्या. मी रडकुंडीला आले, तर ही खो खो हसते आहे. "आगं, पंचांग प्रणाम करत्यात त्या! जा, घराघरातून वाट्या आण. वाटीत कशा वाकत्यात बघू."

वाट्या भरून विहारात गेलो, तर समितीचे सुदामदादा दारातच आडवे. "तळणाचं उष्टं तेल बुद्धापुढं? न्हाई चालायचं."

मावशीचा चेहरा उतरला. मला तर दादांचा असा राग आला! तेवढ्यात तिने पदर खोचला.

"दादा, तुमच्या आईला अन् माझ्या सासूला हाटेलात कपबशी येगळी व्हती. त्यो इटाळ सोडून आलो आपण. मंग आता तेलाला त्यो कशाला लावता?"

दादा दारातून बाजूला झाले. वंदना सुरू असताना विहारभर भज्यांचा वास सुटला आणि पोरं फिदीफिदी हसत होती. आमच्या गटाला मात्र त्या दिवसापासून काम मिळालं.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. पुण्यानुमोदनाला सुदामदादा सगळ्यांच्या शेवटी आले, हातात रुमालाने झाकलेली वाटी. आत येईनात. मी जवळ गेले तेव्हा खाली बघत म्हणाले, "घरच्या तळणाच्या तेलाची हाय. सुनेनं न्हाई, मीच केली. नीट जमली न्हाई. मावशीपुढं लावली तर चालंल का?"

मी काडेपेटी त्यांच्या हातात दिली.