तीन खडे

“किती गावं राहिली?”

माझे वडील वारले, हे सांगितल्यावर पाटलांनी विचारलेला पहिला प्रश्न हा होता. मी ओट्याखाली उभा. पाढा विचारल्यावर मुलाने द्यावे तसे मी चटकन आणि बरोबर उत्तर दिले.

“तीन.”

त्या उत्तराची लाज मला आजही वाटते.

मोठ्या दुष्काळाचा उन्हाळा होता. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात पाटलांच्या आई पहाटे वारल्या. मयताचा सांगावा परगावच्या सोयऱ्यांकडे पायी नेणे हे महारकीचे काम. कायद्याने ते बंद केले होते. गावाने केले नव्हते. वडिलांना पाच गावे नेमून दिली. त्यांना अक्षरओळख नव्हती. गावागणिक एक खडा बंडीच्या खिशात टाकून ते निघत आणि निरोप दिला की एक फेकून देत. दुपारी ते माळावर कोसळले. लोकांनी बैलगाडीतून घरी आणले तेव्हा जीव नव्हता. खिशात तीन खडे होते.

जन्मभर त्यांनी गावाच्या सरणासाठी लाकडे फोडली. आमच्याकडे पुरण्याची चाल, कारण लाकूड कोण देणार? “मला मातीत घालू नगं, जाळ,” असे ते म्हणत. गायरानात वाळलेली बाभळ पाडून ठेवली होती. पाटलांच्या शब्दाशिवाय तिला कोणी हात लावत नसे. तो शब्द मागायला मी गेलो होतो.

पाटील म्हणाले, “मंग तेवडी तीन उरकून ये. माज्या भैनींना अजून ठावं न्हाई. आल्याव लाकडाचं बगू.”

वडील घरात तसेच पडले आहेत, असे मी म्हणालो. ओट्यावरचा एक जण हसला.

“मास्तर झाला म्हून पाय झिजत्यात व्हय रं?”

घरी आलो. आईने सारे ऐकून घेतले आणि वडिलांची काठी माझ्या हातात दिली. “जा बाबा. त्यांला लाकडं तरी भेटतील.”

तिचे चुकत नव्हते. मी उंबऱ्यापर्यंत गेलोही. ही तीन गावे मी केली, की पुढच्या मयताला हाक माझ्या नावाने येणार. नंतर माझ्या मुलाच्या. काठी भिंतीला टेकवली.

“मी जानार न्हाई, आई.”

लाकूड मिळाले नाही. जमीन भाजून दगड झाली होती. चौघांनी पहारी घालून दिवस मावळेपर्यंत जेमतेम कंबरभर खड्डा खणला. वडिलांना नको होते, तेच मी केले. आई कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढे वर्गात अंक शिकवताना मी मुलांपुढे खडे मांडत असे. उत्तर बरोबर असावेच. पण ते कोणाला आणि कशासाठी देतो आहोत, हेही आधी पाहावे, असे सांगत असे.

ते तीन खडे मी त्यांत कधी मिसळले नाहीत. ती तीन गावे राहिली आहेत. राहतील.