एका गाण्याचे दोन भाव

मायच्या गाण्यांना परदेशातून पहिलं गिऱ्हाईक मिळालं त्या दिवशी आमच्या घरी दुपारचं जेवण अर्धा तास थांबलं.

आमचं गाव गोंदियाकडच्या बिरसी विमानतळाजवळ. कधीकाळी माळव्यातून इकडं येऊन धानाची शेती करणाऱ्या पोवारांची इथं गावंच्या गावं आहेत, आम्ही त्यांतलेच. लग्नात हळद लावताना बायका गाणी म्हणतात. माय आणि तिच्या दोन मैत्रिणी म्हणजे त्या गाण्यांच्या म्होरक्या. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या हळदीला डीजे बंद पडला आणि पोरींना गाणी हवी झाली, तेव्हा पन्नाशीच्या आतल्या एकाही बाईला दोन ओळींच्या पुढं काही येईना. माझी बायको गोंदियात कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं तिथंच ठरवलं की ही गाणी रेकॉर्ड करायची.

रेकॉर्डिंग झालं धानाच्या खोलीत. छतापर्यंत पोती रचलेली असल्यामुळं आवाज घुमत नव्हता. अडचण एकच, बिरसीच्या शिकाऊ वैमानिकांची. त्यांची लहान विमानं डोक्यावरून गेली की थांबावं लागे. पाचव्या गाण्यात एका विमानाचा आवाज शिरलाच. बायको म्हणाली, "पुन्हा म्हणा." माय उठून पदर झटकत म्हणाली, "राहू दे. गाणं चांगलं झालं."

नऊ गाणी झाली. बायकोनं ती डाउनलोडसाठी एका वेबसाइटवर विकायला ठेवली. सगळी मिळून एकोणपन्नास रुपये. नातेवाइकांनी घेतली, सौंदडच्या मावशीनं घेतली, आणि मग एके दिवशी जेवताना बायको फोन बघून म्हणाली, "कॅनडातून कोणीतरी घेतली. साडेतीनशेच्या वर आले."

मायनं घास ताटात ठेवला. "आपून त एकोणपन्नासले देऊन राहिलो ना?"

बायकोनं समजावलं की वेबसाइट देशाप्रमाणं भाव लावते, तिकडं तेवढाच आहे.

"काऊन?"

मी मध्ये पडलो. म्हणालो, "माय, धानाचा भाव देवरीत वेगळा आणि गोंदियात वेगळा असतोच ना?"

"धान न्यायले गाडी लागते. डिझेल लागते, हमाल लागते. गाणं न्यायले काय लागते?"

बायको म्हणाली, "आई, तिकडच्या लोकांना पगार जास्त असतो."

"मी त्याचा पगार पाहून गायली का?" माय म्हणाली. "जास्तीचे पैसे वापस कर त्याले."

आम्ही दोघं हसलो. माय हसली नाही आणि जेवलीही नाही. शेवटी बायको उठून लॅपटॉप घेऊन आली. वेबसाइटवर पैसे परत करायचे तर सगळा सौदाच रद्द होत होता, फक्त फरक देता येत नव्हता. मग तिनं त्या गिऱ्हाइकाला निरोप लिहिला की आमच्या सासूबाईंना तुमचे जास्तीचे पैसे परत करायचे आहेत. निरोप गेल्याचं दाखवल्यावर माय जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, मराठीत. एक बाई होत्या. त्यांनी लिहिलं होतं, "पैसे नकोत, एवढ्यात इथं दोन कॉफ्या येतात. पण पाचव्या गाण्यात ते विमान ऐकलं आणि मी स्वयंपाक सोडून बसून राहिले. माझं माहेर बिरसीजवळचंच. गाणाऱ्या बाईंशी बोलता येईल का?"

फोन लावला. मायनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "कोण्या गावची व तू?" तिनं विचारलं.

गाव निघालं. मग आडनाव, मग आजोळ. पाचेक मिनिटांत मायनं धागा शोधून काढला. त्या बाईंची आई आणि माय एकाच गावच्या, एकाच विहिरीवर पाणी भरलेल्या. "मंग तू त माही भाची लागतेस," माय म्हणाली. "अना भाचीकडून मी सातपट घेऊन राहिली?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. बाई म्हणाल्या, "आई गेली, मावशी, चार वर्षं झाली. माझ्या मुलीचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. मला हळदीचं गाणं अर्धंच येतं. म्हणून घेतली."

"पण त्याच्यात नावं कुठं आहेत?" माय म्हणाली.

हे मात्र आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. हळदीच्या गाण्यात नवरा-नवरीची नावं गुंफून म्हणायची असतात. विकायच्या गाण्यांत मायनं तिथं नुसतं 'नवरी' आणि 'नवरदेव' म्हटलं होतं. मायनं लगेच तोडगा काढला. पैसे नको असतील तर तेवढ्या पैशाचं गाणं घ्यावं लागेल. हळदीच्या दिवशी फोनवर ती स्वतः नावं घेऊन म्हणणार.

नवरीचं नाव सोपं होतं. नवरदेव तिकडचा, गोरा, आणि त्याच्या नावात सगळी जोडाक्षरं एकमेकांना चिकटलेली. महिनाभर तिघी म्हाताऱ्या ते नाव चालीत बसवत होत्या. धान पाखडताना एक म्हणायची, दुसरी दुरुस्त करायची. माझ्या बायकोनं त्यांना खरा उच्चार दहा वेळा ऐकवला. शेवटी मायनं नावाच्या मधोमध एक 'इ' घातला, शेवटी एक 'आ' ओढला आणि ते छान बसलं.

हळदीच्या दिवशी इथं सकाळचे सात वाजले होते, तिकडं आदली संध्याकाळ. तिघींनी नव्या साड्या नेसल्या होत्या. मी अंगणात खुर्चीवर फोन उभा केला. पडद्यावर हळदीनं माखलेली मुलगी दिसली, मागं तिच्या सासरची गोरी माणसं पिवळे कपडे घालून उभी. गाणं सुरू झालं. तिकडच्या लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, पण आवाज पोचायला वेळ लागत असल्यानं टाळ्या अर्धी ओळ मागं. माय गाता गाताच मला हातानं खुणावत होती की त्यांना थांबव. मी कसा थांबवणार?

मग नवरदेवाचं नाव आलं. तो मागं बसला होता. 'इ' आणि 'आ' लावलेलं आपलं नाव त्यानं कसं ओळखलं कोण जाणे, पण तो उठला, माणसांतून वाट काढत फोनपाशी आला आणि पूर्ण गाणं तिथंच गुडघ्यांवर बसून ऐकलं. गाणं संपल्यावर त्यानं सासूकडून शिकलेलं एकच वाक्य म्हटलं, "मावशी, पुन्हा म्हणा." तिघींनी पुन्हा म्हटलं.

त्यानंतर बायकोनं भाव सारखा करायचा प्रयत्न केला. पण तिकडं ठरावीक रकमेच्या खाली वेबसाइट जाऊच देत नाही. मायला हे सांगितलं तेव्हा तिनं थोडा विचार केला आणि बायकोला गाण्यांखाली एक ओळ लिहायला लावली: बाहेरदेशी घेणाऱ्यांना नावं घालून गाणं वेगळं म्हणून मिळेल.

आतापर्यंत चौघांनी मागितलं आहे. त्यांतला एक दुबईचा, आणि त्याच्या होणाऱ्या बायकोचं नाव ऐकून मायची एक मैत्रीण म्हणाली की हे त काही न जोडता आपल्या चालीत बसते, याचे पैसे कायले घेता.