उडत्या गुरुजींचा आरमोरी मुक्काम

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी भज्यांची पुडी बांधायला जाते आणि संपते. न छापलेली बातमी संपत नाही. मी आयुष्यभर चंद्रपूर-गडचिरोलीत वार्ताहर म्हणून काम केलं आणि नागपूरच्या डेस्कनं आयुष्यभर माझ्या निम्म्या बातम्या "स्थानिक आहे, महत्त्व नाही" म्हणून टोपलीत टाकल्या. त्या सगळ्या माझ्याकडे साठून राहिल्या आहेत. चार मित्र बसले की एक निघते आणि तिच्या शेपटीला धरून दुसरी.

परवा अशीच शेपटी सापडली. मुंबईच्या एका पेपरात कुणा तज्ज्ञाचा लेख होता. परदेशी महानायकांचे पिक्चर जगभर कसे पसरले, 'इंटरनॅशनल बॉक्स ऑफिस' कसं वाढलं, वगैरे. ऐंशीच्या दशकाचा परिच्छेद आला. त्यात लंडन होतं, टोकियो होतं. भारत म्हणून मुंबई, दिल्ली, मद्रास होतं.

आरमोरी नव्हती!

मी पेपर आपटला. अहो, त्या इंटरनॅशनल बॉक्स ऑफिसचा एक खांब मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. बांबूचा होता!

* * *

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीत सुदामभाऊंची तंबू टॉकीज होती. धानाची कापणी झाली, मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांचे, दिवस आले, की धानाच्या मोकळ्या बांधीत तंबू लागायचा. बायकांना एक बाजू, पुरुषांना एक बाजू, पुढे जमिनीवर तरटं आणि मागे साहेब लोकांसाठी पाच लाकडी खुर्च्या. मशीन एकच, त्यामुळे प्रत्येक रीळ संपलं की थांबायचं. इतर थिएटरांत एक इंटरव्हल, सुदामभाऊंकडे आठ!

ऐंशीच्या दशकात गावात व्हिडिओ आला आणि तंबू ओस पडू लागला. सुदामभाऊ मला म्हणाले, "पेपरवाले भाऊ, या सीझनले तंबू नाई भरला तं मी खुट्या उपटतो. तंबू फाडून खळ्यावर झाकाले देतो."

माणूस गमतीनं बोलत नव्हता. बापाच्या हातची टॉकीज होती ती.

ते अमरावतीला वितरकाच्या ऑफिसात गेले आणि एक इंग्रजी पिक्चर घेऊन आले. मोठ्या शहरांत चालून चालून प्रिंटवर इतक्या रेघा पडल्या होत्या की सगळ्या पिक्चरभर पाऊस पडत होता. पण पोस्टर जबरदस्त! अंगाला चिकटलेला हिरवा पोशाख, तोंडावर मुखवटा, हातावर उचललेलं रेल्वेचं इंजिन. हा बाबा दिवसा शाळेत शिकवायचा आणि जगावर संकट आलं की उडायचा. गावानं पोस्टर पाहूनच नाव ठेवलं, 'उडते गुरुजी'.

पहिल्या संध्याकाळी तंबू भरला. तिसऱ्या रिळाला निम्मा रिकामा! सोनाबाई तंबूच्या दाराशी फुटाणे विकायची आणि पिक्चर लागला की पहिल्या तरटावर येऊन बसायची. ती उठून उभी राहिली आणि ओरडली, "सुदामभाऊ, हा उडते ते दिसून राह्यलं, पन काऊन उडते ते कोन सांगन? तुमचा बाप?"

* * *

सांगितलं माणिक रामटेकेनं. माणिक सकाळी रिक्षात बसून टॉकीजची जाहिरात करायचा आणि झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक व्हायचा. आवाज असा की भोंगा बंद पडला तरी गावाला कळत नसे. दुसऱ्या दिवशी तो माइक घेऊन पडद्याच्या कडेला उभा राहिला आणि इंग्रजी चालू असतानाच त्यावर झाडीबोली घालू लागला.

त्याला इंग्रजी किती येत होतं? मी विचारलं तर म्हणाला, "भाऊ, तोंड कसं हालते ते पायतो. मानसाचं तोंड खोटं नाई बोलत."

मुखवट्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. एक म्हातारबा अंधारातून ओरडले, "मानिक, येवढं चांगलं काम करते तं गुरुजी तोंड काऊन झाकते?"

खरं उत्तर काय होतं ते पिक्चर काढणाऱ्या कंपनीला ठाऊक. माणिकनं क्षणाचाही उशीर केला नाही.

"वरच्या साहेबानं पायलं तं बदली होईन म्हनून!"

तंबूत कुणालाच दुसरी शंका आली नाही. सगळ्या महाराष्ट्रातून शिक्षा म्हणून माणसं आमच्याकडे बदलून येतात, आम्हाला बदली समजते! तेवढ्यात तोच म्हातारबा म्हणाला, "पन तो आता आपल्या आरमोरीतच हाये ना? इथून अखीन कुठी पाठवतीन?"

माणिक म्हणाला, "म्हनून तं आता बिनधास्त उडते!"

पिक्चरची हिरोईन एक नर्सबाई होती. शेवटी ती गुरुजींचा मुखवटा काढते, त्यांच्याकडे बघते आणि एकच वाक्य बोलते. हे वाक्य माणिक रोज बदलायचा. एक दिवस ती म्हणाली, "अवो गुरुजी, येवढं उडता येते तं भाजी आनाले यष्टीनं काऊन जाता?" दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मले वाटलंच! खडूचा वास येऊन राह्यला होता." आज काय म्हणणार हे ऐकायला लोक तोच पिक्चर पुन्हा बघायला येऊ लागले. तंबू भरू लागला.

मी नागपूरला बातमी पाठवली. डेस्कचा निरोप आला, "सिनेमाचं परीक्षण नको, धानाचे भाव पाठवा."

* * *

पिक्चरमध्ये गुरुजी एक भलंमोठं झाड मुळासकट उपटतात आणि खलनायकाच्या गाडीवर घालतात. जगभर म्हणे या ठिकाणी टाळ्या पडल्या.

आरमोरीत तंबू चिडीचूप झाला. जंगलातून वाळलेली फांदी आणली तर ज्यांची कुऱ्हाड जप्त होते, त्यांच्या डोळ्यांसमोर हा माणूस उभं झाड उपटत होता. मागून कुणीतरी कळवळून ओरडलं, "पळ गुरुजी, पळ! गार्ड येते!"

त्या दिवशी मागच्या खुर्चीत जंगल खात्याचे खरोखरचे रेंजरसाहेब बसले होते. सगळा तंबू पडद्याकडे पाठ करून त्यांच्याकडे बघू लागला. आता साहेब काय करतात?

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. ते उभे राहिले, टोपी सरळ केली आणि जाहीरपणे म्हणाले, "ते झाड माझ्या हद्दीत येत नाही!"

मग कुठे टाळ्या पडल्या.

* * *

तिकिटाला पैसे नसले तर सुदामभाऊ पायलीनं धान घेत. हरकत नव्हती, आमच्या भागात न्हाव्यापासून नाटकापर्यंत हेच चालायचं. पण अमरावतीच्या ऑफिसला हे कोण सांगणार?

एकदा अवकाळी पाऊस आला आणि त्याच आठवड्यात अमरावतीहून पोस्टात ट्रंक कॉल आला. मी शेजारीच माझ्या कॉलची वाट बघत बसलो होतो.

पलीकडून विचारलं असावं, कलेक्शन कसं आहे?

सुदामभाऊ फोनमध्ये ओरडले, "कलेक्शन चांगलं हाये, पन ओलं हाये! ऊन पडलं का वाळवून पाठवतो!"



* * *

रिळांचे डबे एसटीनं यायचे-जायचे. मधे शेजारच्या गावच्या मंडईत दोन दिवस शो लावून तंबू परत आला, तेव्हा सहावं रीळ कमी! कंडक्टर उतरवायला विसरला आणि रीळ जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सिरोंच्याला पोचलं. नेमकं त्यातच पुलावरचं युद्ध.

सुदामभाऊ शो रद्द करायला निघाले होते. माणिकनं त्यांना अडवलं. पडद्यापुढे दोन पेट्रोमॅक्स ठेवले आणि पुलावरचं युद्ध एकट्यानं केलं. गुरुजी तोच, खलनायक तोच, इंजिनही तोच! खुर्चीवरून उडी मारून उडून दाखवलं. शेवटी खलनायकानं मरायला इतका वेळ लावला की सोनाबाई ओरडली, "अरे मर ना रे बाबा, माह्ये फुटाने सादळून राह्यले!"

चार दिवसांनी रीळ परत आलं. सुदामभाऊंनी मोठ्या अभिमानानं लावलं. खरा पूल, खरं इंजिन, खरा धूर.

खेळ सुटल्यावर सात-आठ माणसं तिकिटाच्या खिडकीशी तक्रार घेऊन उभी होती.

"हे कोनतं रीळ लावलं भाऊ? मांगचंच बरं होतं!"

* * *

आता मी चिडतो ती गोष्ट. जंगलातल्या एका गावात शाळा होती, गुरुजी होते, फक्त दोघांची भेट होत नव्हती. गुरुजी पगाराच्या दिवसाशिवाय तिकडे फिरकत नसत. गावकऱ्यांनी आरमोरीला येऊन पिक्चर पाहिला आणि परत जाऊन दौऱ्यावरच्या शिक्षण खात्याच्या साहेबांना घेरलं. एक बाई म्हणाली, "पिक्चरचा गुरुजी इंजन उचलून परत शाळेत टायमावर जाते. आमचा तं यष्टीनंबी येत नाई!"

मी हे शब्दशः लिहिलं. 'उडते गुरुजी आम्हालाही द्या' असा मथळा दिला आणि डेस्कच्या नाकावर टिच्चून छापून आणला. आठ दिवसांत खात्याचा सही-शिक्क्याचा खुलासा आला. तो मात्र डेस्कनं पहिल्या पानावर घेतला. त्यात म्हटलं होतं, "या विभागात उडणारे कोणतेही शिक्षक कार्यरत नाहीत."

मी त्या साहेबांना गाठून विचारलं, "चालत जाणारे आहेत का?"

त्यावर अजून खुलासा यायचा आहे!

* * *

तंबू रोज भरत होता आणि व्हिडिओवाला माश्या मारत होता. त्यानं थेट कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला तक्रार ठोकली, 'कंपनीच्या पिक्चरमध्ये भेसळ होते.' मंडईच्या ऐन गर्दीत मुंबईचे साहेब जीपमधून उतरले. सफारी सूट, हातात सुटकेस, चेहरा असा की वाटेतली सगळी धूळ आम्हीच उडवली होती.

"हा पिक्चर सगळ्या जगात जसाच्या तसा चालतो," ते सुदामभाऊंना म्हणाले. "आज मी बसून बघणार. माइकवरून एक शब्द आला, तर प्रिंट जीपमध्ये."

मी मधे पडलो. "साहेब, सगळ्या जगात म्हणता, त्यात आरमोरी कधीपासून धरता?"

"आपण कोण?"

"प्रेस."

"मग लिहा," ते म्हणाले, "की कंपनी भेसळ चालवून घेत नाही."

सुदामभाऊंचा चेहरा पाहवत नव्हता. माइक नाही तर माणिक नाही, माणिक नाही तर माणसं नाहीत. ते तंबूच्या दोरीवरून हात फिरवत नुसते उभे होते. माणिक म्हणाला, "भाऊ, खुट्या उद्या उपटू. आज तं लावा."

साहेब मागच्या खुर्चीत बसले. खात्री म्हणून त्यांनी माइक स्वतःच्या मांडीवर घेतला आणि माणिकला शेजारी बसवलं. दुसऱ्या बाजूला मी.

पिक्चर सुरू झाला. गुरुजी वर्गात आले, इंग्रजीत काहीतरी बोलले. तंबू गप्प. साहेबांनी समाधानानं मान हलवली.

तेवढ्यात पहिल्या तरटावरून सोनाबाईचा आवाज आला, "पोट्टेहो, पाढे काढा! आज मले उडाचं हाये, लवकर सुट्टी करतो!"

माणिकचंच वाक्य! पुढचं वाक्य पुरुषांच्या बाजूनं आलं, त्याच्या पुढचं बायकांच्या. मग सगळा तंबू बोलू लागला. खलनायक पुरुषांनी वाटून घेतला, नर्सबाई बायकांनी. पोरं इंजिन झाली. अख्खा पिक्चर पाठ होता त्यांना!

साहेब उसळले, "बंद करा! माइक बंद करा!"

सुदामभाऊ हात जोडून म्हणाले, "माइक तं तुमच्याच मांडीवर हाये, साहेब!"

साहेब खाली बसले. झाड उपटलं, सगळे ओरडले, "पळ गुरुजी!" साहेबांनी मला विचारलं, "का पळायचं?" मी कारण सांगितलं. ते हसले नाहीत, पण पुढच्या रिळाला त्यांनी सोनाबाईचे फुटाणे घेतले. सातव्या रिळाला ते खुर्चीच्या कडेवर आले होते.

शेवटचं रीळ. नर्सबाईनं हात पुढे केला. मुखवटा निघाला. तिनं गुरुजींकडे बघितलं आणि ती बोलली.

तंबू गप्प.

हे वाक्य कुणालाच पाठ नव्हतं. ते तर रोज बदलायचं! आजचं फक्त माणिकला ठाऊक. एकेक करत सगळ्या माना पडद्यावरून वळल्या आणि मागच्या खुर्चीकडे लागल्या. माणिकनं ओठ घट्ट मिटले आणि साहेबांकडे बघितलं. खांबाला धरून सुदामभाऊ उभे होते, तेही साहेबांकडेच बघत होते.

साहेब चुळबुळले. गडबडीत मांडीवरच्या माइकचं बटण त्यांच्या हातून दाबलं गेलं आणि पुढचं सगळं भोंग्यातून अख्ख्या आरमोरीनं ऐकलं.

"अरे, बोल ना!"

माणिक शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमाले तं इंग्रजी येते."

"ती इंग्रजीत काय म्हणाली ते ऐकलं मी!" साहेबांनी माइक त्याच्या तोंडासमोर धरला. "खरं काय म्हणाली ते सांग!"